वायरवाला की बिनवायरचा

सुधाकरराव,

तुमचा शेवटचा मेसेज माझ्या मोबाइलवर तसाच आहे. एका यंत्राची लिंक आणि खाली दोनच शब्द, "हा कसा?" शनिवारी संध्याकाळी पाहिला होता. म्हटलं, आता उत्तर काय लिहीत बसायचं, उद्या भेटणारच आहोत, समोरासमोर वाद घालू. सकाळी स्कूटर बाहेर काढत होतो तेव्हा मानसीचा फोन आला.

"पप्पा, अण्णा गेले," एवढंच ती म्हणाली.

तुमची मुलगी मला पप्पा म्हणाली. माझ्या निलेशशी तिचा घटस्फोट झाल्यापासून तिने मला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. समोर आली तर नीट बोलायची, पण वाक्यात जिथे हाक यावी तिथे जराशी अडखळायची आणि तशीच पुढे जायची. त्या दिवशी अडखळली नाही. मी आधी तो 'पप्पा' ऐकला. पुढचे दोन शब्द कळायला मला वेळ लागला, सुधाकरराव. स्कूटर स्टँडवर लावून मी पायरीवरच बसलो.

आपली सोयरीक फार टिकली नाही. पोरं वेगळी झाली, कागदांवर सह्या झाल्या आणि आपण एकमेकांचे कोण हा प्रश्न कुणी विचारलाही नाही. व्याही होतो ते राहिलो नाही. तुम्ही अडाजणला, मी डिंडोलीला. मध्ये तापी आणि अख्खं सुरत. मुद्दाम ठरवल्याशिवाय भेट होण्याचं काही कारणच नव्हतं.

जवळजवळ वर्षभराने एका दुपारी तुमचा फोन आला. मोबाइलवर नाव अजून 'व्याहीबुवा' असंच होतं. बदलायचं सुचलं नव्हतं आणि बदलून लिहिणार तरी काय होतो. मला वाटलं, दागिन्याचं नाहीतर भांड्याकुंड्याचं काही राहिलं असेल. तुम्ही घसा खाकरलात, माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीत आणि मग म्हणालात, "पाटीलसर, एक गाडीचं विचारायचं होतं."

मानसी तुमची जुनी गाडी घेऊन रोज अडाजणहून इच्छापोरला कारखान्याच्या ऑफिसात जायची. हजिरा रोडवर चालती गाडी दोनदा अचानक बंद पडली होती. मागे ट्रक, पुढे ट्रक आणि ही मधोमध. थोड्या वेळाने गाडी आपली आपण चालू व्हायची. गॅरेजवाल्याने एकदा प्लग बदलले, एकदा कसलीशी सफाई केली, शेवटी सीएनजीच्या किटवर खापर फोडलं. दरवेळी डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा तेवढा घालवून द्यायचा. "दिवा जातो हो," तुम्ही म्हणालात, "पण गाडी बंद पडतेच." तुमचा आवाज बारीक झाला होता. बँकेत कर्जदारांना घाम फोडणारा माणूस एवढा घाबरलेला मी पहिल्यांदा ऐकला.

तुमच्या ओळखीत बॉनेट उघडणारा मी एकटाच होतो. मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर, फाटकापाशी आपल्या गाडीचं ऑइल बदलतो, ब्रेक साफ करतो, ही माझी ख्याती. पण माझं ज्ञान जुन्या, कार्बोरेटरच्या काळातलं. मी तुम्हाला सरळ सांगितलं की सेन्सरच्या गाडीपुढे माझी मती चालत नाही. गाडीने स्वतःच्या मेंदूत कसली नोंद करून ठेवली आहे ते वाचणारं यंत्र आधी हवं. त्याला स्कॅनर म्हणतात, घरगुती वापराचेही मिळतात, पण कुठला घ्यावा ते मला माहीत नाही.

"मग रविवारी या," तुम्ही म्हणालात. "सकाळी मानसी योगाच्या क्लासला असते."

हे शेवटचं वाक्य आपण दोघांनी ऐकलं आणि दोघांनीही सोडून दिलं.

घरी मालतीने विचारलं, "तठे कसाले जातस तुम्ही?" आमच्या घरात राग आला की अहिराणी येते. मी म्हटलं, गाडी बघायला जातो. ती म्हणाली, सुरतमध्ये मेकॅनिक संपले का? मी चपला घातल्या.

त्या पहिल्या रविवारी आपण दोघं तुमच्या पार्किंगमध्ये गाडीच्या दोन्ही बाजूंनी आत डोकं घालून पडलो होतो. स्टिअरिंगखाली सोळा छिद्रांची एक खाच असते, तिथे स्कॅनर लागतो. मोबाइलची बॅटरी तुम्ही माझ्या डोळ्यांतच मारत होता. खाच सापडली, पण खाच असली म्हणजे काम झालं असं नव्हतं. तुमची गाडी त्या मधल्या वर्षांतली, जेव्हा काही गाड्यांना खाच असायची पण साध्या स्कॅनरला त्या दाद देत नसत. त्यामुळे आधी लावून पाहायचा, मगच घ्यायचा, एवढं पहिल्याच दिवशी ठरलं. आपलं एकमत झालेली ती एकमेव गोष्ट.

बाकी सगळा वाद. तुम्हाला अंगठ्याएवढा, बिनवायरचा हवा होता. खाचेत बसवायचा आणि मोबाइलवर ब्लूटूथने वाचायचं. स्वस्तात स्वस्त तोच. मला वायरवाला हवा होता, हातात धरायचा, स्वतःचा छोटा पडदा असलेला. तो थोडा महाग, पण गॅरेजच्या एका फेरीत जेवढे जात होते त्याहून कमीच. तुमचं म्हणणं, मोबाइलचा पडदा मोठा असतो, अक्षर मोठं दिसतं, चष्मा शोधावा लागत नाही. माझं म्हणणं, त्या ॲपमध्ये जाहिराती येतात, अर्ध्या गोष्टी पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत आणि मानसीचा फोन ज्या जातीचा आहे त्याला हे साधे ब्लूटूथवाले जुळतच नाहीत. गाडी तिची बंद पडणार आणि यंत्र तुमच्या फोनवर चालणार, हे कसं? यावर तुम्ही म्हणालात, "ती फोन करेल, मी जाईन." इच्छापोरला कशाने जाणार, असं मी विचारलं नाही. तुम्ही गेला असता, रिक्षाने, बसने, चालत.

आठवडाभर तुम्ही मला लिंका पाठवत राहिलात. प्रत्येकाखाली लोकांनी काय तक्रारी केल्या आहेत ते तुम्ही वाचलेलं असायचं, कर्जाची फाइल वाचावी तसं. त्यातूनच तुम्हाला एक गोष्ट सापडली जी मला माहीत नव्हती. अगदी स्वस्तातला वायरवाला नुसता बिघाडाचा कोड दाखवतो आणि पुसतो. त्याहून एक पायरी वरचा असेल तर इंजिन चालू असताना त्याचे आकडे हलताना दाखवतो आणि दिवा लागला त्या क्षणी गाडी किती वेगात होती, किती तापली होती, तेही सांगतो. तुम्ही फोन करून म्हणालात, "पुसणारे आपल्याकडे गॅरेजवाले आहेतच. आपल्याला सांगणारा हवा." तेव्हा मी मनात म्हटलं, या माणसाबरोबर काम करायला मजा येणार.

रिंगरोडच्या त्या दुकानात आपण गाडीच घेऊन गेलो. दुकानदार गल्ल्यावरून उठला नाही, दोन-तीन डबे आपल्या हातात देऊन म्हणाला, "पहेला लगाडीने जुओ, काका. चाले तो लेजो." आपण तिथेच रस्त्यावर, मागून हॉर्न वाजत असताना, एकेक लावून पाहिला. पहिल्याला गाडीने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याच्या पडद्यावर गाडीची ओळख उमटली तेव्हा तुम्ही माझा दंड धरलात. कोड मात्र एकही नव्हता. गॅरेजवाल्याने नुकताच पुसला होता.

तो वायरवाला आपण घेतला. मी जिंकलो असं मला वाटलं. पुढच्या रविवारी तुम्ही खिशातून अंगठ्याएवढा बिनवायरचा काढलात. गुपचूप मागवला होता. तो चालायचा, आणि मध्येच तुटायचा. तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात की यंत्र चांगलं आहे, दोष तुमच्या फोनचा आहे.

मग आपण बिघाडाची वाट पाहिली. मानसीला तुम्ही गाडी दिलीच नाहीत. ऑफिसला रिक्षाने जा, गाडीचं काम चाललंय, एवढंच सांगितलंत. कुणाकडे चाललंय ते सांगितलं नाहीत. तिने विचारलं नाही.

त्या रविवारी ऊन कडक होतं आणि आपण दोघं मुद्दाम गाडी बंद पाडायला निघालो. पार्किंगमध्ये ती कधीच बंद पडत नव्हती, म्हणून मानसीच्याच रस्त्याने जायचं ठरलं. तुम्ही चालवत होता, मी स्कॅनर मांडीवर घेऊन इंजिनाचे फेरे वाचत होतो. इच्छापोरपर्यंत गेलो, काही झालं नाही. परत फिरलो, पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला एका टँकरच्या मागे असताना गाडी गप्पकन बंद झाली. मागच्या ट्रकचा हॉर्न माझ्या पाठीत शिरला. तुम्ही कशीबशी गाडी कडेला घेतलीत. तुम्ही म्हणालात, "अशी बंद पडते. पोरगी एकटी असते."

मी म्हटलं, स्टार्टर मारा. इंजिन घरघरलं. पडद्यावर फेऱ्यांचा आकडा शून्यच राहिला. पुन्हा मारा म्हटलं. इंजिन फिरताना ऐकू येत होतं आणि गाडीचा मेंदू म्हणत होता की ते फिरतच नाहीये. जो सेन्सर इंजिनाचं फिरणं मेंदूला कळवतो तोच तापला की गप्प होत होता. फिरत नाही म्हटल्यावर मेंदू ठिणगी तरी कशाला देईल? खाली पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरवर त्याच सेन्सरचा कोड आला. हजिरा रोडच्या कडेला, ट्रकांच्या धुळीत, दोन म्हातारे बंद गाडीत बसून हसत होते. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धूळ गेली असं तुम्ही म्हणालात.

कोड आला तरी भांडण संपलं नाही. कोड फक्त कुठल्या वाटेवर निरोप अडला ते सांगतो. सेन्सर गेलाय की त्याची वायर, ते आपण शोधायचं. पार्किंगमध्ये परत आल्यावर, इंजिन थंड झालं तेव्हा खालून हात घातला तर वायरचं आवरण तापून कडक झालेलं, एका जागी तडकलेलं. मी म्हणालो, वायर दुरुस्त करू, सेन्सर चांगला असेल तर राहू दे. तुम्ही म्हणालात, दोन्ही बदला. मी म्हटलं, असं न बघता पार्ट बदलत जायचं असेल तर स्कॅनर कशाला घेतला? तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "सर, तुमचं बरोबर आहे. पण त्या गाडीत माझी मुलगी बसते." आपण दोन्ही बदललं. नेमकं काय बिघडलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

सेन्सर आणि वायर बसवत होतो त्या दिवशी मानसी खाली आली. क्लास कधीच सुटला होता. मी गाडीखाली, माझे पाय बाहेर. तिने ते पाय ओळखले असावेत. मी बाहेर सरकलो तर ती नाश्त्याच्या गरम लोचोची पुडी हातात घेऊन उभी होती. तुम्ही शाळेतल्या मुलासारखे उभे राहिलात आणि काही सांगायला लागलात. ती म्हणाली, "गार होतंय, आधी खाऊन घ्या." आणि माझ्याकडे बघून, हाक न मारता, "हात धुवायला वर यायला हवं असं नाही, इथे नळ आहे." मग जराशाने म्हणाली, "पण आलात तरी चालेल." मी वर आलो. पोरांच्या लग्नानंतर पहिल्यांदा आलो तेव्हा जिच्यावर बसलो होतो त्याच खुर्चीवर बसलो.

गाडी त्यानंतर बंद पडली नाही. आपलं काम झालं होतं. तरी पुढच्या रविवारी मी आलो आणि तुम्ही पार्किंगमध्ये स्कॅनर घेऊन उभेच होता. इंजिनाचं तापमान एकदा बघून घेऊ म्हणालात. मग कधी माझी गाडी, कधी तुमच्या शेजाऱ्याची, कधी नुसताच चहा. काही बिघडलेलं नसलं की तुम्ही जरा हिरमुसायचात. बिल्डिंगमधले लोक दिवा लागला की तुमच्याकडे यायचे आणि तुम्ही ऐटीत विचारायचात, "कोड पुसला नाही ना?"

मालतीचं टोचून बोलणं मात्र कमी होत गेलं. एका रविवारी तिने न सांगता डबा भरून दिला, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. तुम्ही सांगलीकडचे, तरी भरिताचा तिखटपणा तुम्हाला झेपला नाही. घाम पुसत सगळं संपवलंत आणि डबा स्वतः घासून परत दिलात. मालतीने डबा उघडून पाहिला. तळाशी गूळ होता. रिकामा डबा परत करू नये म्हणून. तिने तो खडा देवापुढे ठेवला.

पोरांचा विषय आपण काढत नव्हतो. एकदाच निघाला. मी त्या गॅरेजवाल्याला नावं ठेवत होतो, काय बिघडलंय ते न विचारता दरवेळी नवीनच काही बदलून देतो म्हणून. तुम्ही पान्हा पुसत होता. म्हणालात, "आपण तरी काय केलं, सर? दोघांना समोर बसवून उपदेशच केला. विचारलं कुठे कुणी?" आपण पुन्हा कामाला लागलो. हा वाद राहिलाच आपला. मला म्हणायचं होतं की विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. आणि मला हेही म्हणायचं होतं की तुमचं खरं आहे.

गेल्या महिन्यात ब्रेकचा एक वेगळाच दिवा लागला आणि आपल्या स्कॅनरला तो वाचता आला नाही. हे स्वस्तातले इंजिनापुरतेच बोलतात. ब्रेक आणि एअरबॅगची भाषा त्यांना येत नाही. तुम्ही लगेच नवीन स्कॅनर शोधायला लागलात. मी म्हटलं, एवढ्यासाठी कुणी घेत नाही, बाहेर एकदा वाचून घेऊ. आपण वाचूनही घेतलं, चाकाजवळचा सेन्सर मळला होता, साफ केल्यावर दिवा गेला. तरी तुमच्या लिंका थांबल्या नाहीत. मला वाटायचं, या माणसाला खर्च करायची हौस आली आहे. आता वाटतं, तुम्हाला अजून काही रविवार हवे होते. मलाही हवे होते. यंत्राच्या नावाखाली आपण दोघं तेच मागत होतो आणि मी मात्र घासाघीस करत बसलो.

मानसीचा फोन आला त्या दिवशी मी स्कूटर ठेवून गाडीच काढली, कारण मालती म्हणाली, मीही येते. तुमच्याकडे पोहोचलो तर दारात माणसं जमलेली. तुमच्या कुणा चुलतभावाने विचारलं, आपण कोण? मालतीच पुढे झाली. "आम्ही घरातलेच," ती म्हणाली आणि सरळ आत मानसीजवळ जाऊन बसली.

निलेशला मी फोन केला नव्हता. कोणत्या नात्याने कळवायचं, हा विचार करत राहिलो. त्याला मालतीने कळवलं होतं. बडोद्याहून मिळेल त्या गाडीने तो आला आणि थेट स्मशानात पोहोचला. सगळ्यांच्या मागे उभा होता. नंतर घरी आल्यावर मानसीने त्याला पाणी दिलं. दोघं गॅलरीत थोडा वेळ उभे होते. काय बोलले मला माहीत नाही. परत काही जुळेल असं मला वाटत नाही, तुम्हालाही वाटलं नसतं. पण तो आत आला तेव्हा तिचा चेहरा सकाळपेक्षा सैल दिसत होता.

संध्याकाळी निघताना मालती म्हणाली, "मी आज इथेच राहते. आता घरात पोरगी एकटी आहे." तेव्हा गाडीत मी आणि निलेश दोघंच. आम्ही पूल ओलांडला. मग निलेश म्हणाला, "पप्पा, दर रविवारी तुम्ही दोघं करायचात काय?" मी म्हटलं, गाडीचं काम. त्याने विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलले?"

मला खोटं सांगता आलं असतं. खरं म्हणजे तुम्ही त्याचं नाव कधी घेतलं नाहीत. पण एकदा नळावर हात धुताना, साबण माझ्याकडे सरकवत, तुम्ही खाली बघून विचारलं होतंत, "बडोद्याला जेवणाचं काय करतो?" मी म्हटलं, डबा लावलाय. तुम्ही म्हणालात, "डब्याचं रोज सोसत नाही हो. एखादी पोळीवाली बाई बघायला सांगा त्याला." कुणाबद्दल, ते दोघांनाही सांगावं लागलं नव्हतं.

मी निलेशला ते तसंच्या तसं सांगितलं. तुमच्याच शब्दांत.

त्याने तोंड खिडकीकडे केलं. उधना दरवाज्याच्या अलीकडे गर्दी होती, दुकानांचे दिवे लागत होते. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "पप्पा, गाडी जरा बाजूला घ्या."

मी गाडी बाजूला घेतली, सुधाकरराव, आणि इंजिन बंद केलं. माझा मुलगा तुमच्यासाठी रडत होता आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून, तो थांबेपर्यंत, काहीही न विचारता बसून राहिलो.